सर्व्हर हर्णैला, माणूस खेडला: सिरियल कन्सोलवर बायोस दिसतो, लॉगिन येत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. पतसंस्थेची शाखा हर्णैला, सर्व्हर तिथल्या आतल्या खोलीत आणि तुम्ही राहता खेडला. रात्री लाईट जाते, यूपीएस संपतो, पहाटे कधीतरी लाईट येते. सर्व्हर चालू होतो, पण एखाद्या वेळी नेटवर्कवर येतच नाही. मग पावसातून दापोली गाठायची, तिथून हर्णैला उतरायचं, मॉनिटर जोडायचा, तर पडद्यावर एफएससीकेचा (डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक प्रश्न तुमची वाट बघत बसलेला. त्याला 'हो' म्हणायला दोन तासांची रपेट. म्हणून तुम्ही नऊ पिनांची केबल आणि यूएसबी-सिरियल (यूएसबीला सिरियल पोर्ट देणारी जोडणी) आणलीत, लॅपटॉपवर मिनिकॉम हा टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडलंत. बायोसचा, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रॅमचा, पडदा स्वच्छ दिसतो. मग काही सेकंद चित्रविचित्र अक्षरं. मग काळोख. एंटर मारून बोट दुखलं तरी लॉगिन नाही. आणि बायोस समोर दिसत असताना डिलीट दाबलं तरी तो आत घेत नाही.

लक्षणं इतकी नेटकी लिहिलीत की निम्मं निदान त्यातच झालं. बिघाड एक नाही, तीन आहेत, आणि त्या तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणूनच एक दुरुस्त केला की 'काहीच फरक पडला नाही' असं वाटून माणूस तो पूर्ववत करून ठेवतो आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

सिरियल कन्सोल, म्हणजे तारेवरून दिसणारा सर्व्हरचा पडदा, ही एक सोय नसते, चार असतात. तार एकच, पण तिच्यावर चार जण एकामागून एक बोलायला येतात: आधी बायोस, मग ग्रब (लिनक्स चढवणारा), मग कर्नल (लिनक्सचा गाभा), शेवटी लॉगिन विचारणारा गेटी. आपल्याकडच्या नमनाच्या खेळात एक सोंग आत गेलं की दुसरं बाहेर येतं, तसंच. आणि पहिल्या सोंगाला फासलेला रंग दुसऱ्याच्या तोंडाला लागत नाही. बायोसमध्ये वेग ११५२०० (सेकंदाला एवढे बिट) ठेवला म्हणून ग्रबला तो कळत नाही; ग्रबला सांगितला म्हणून कर्नलला कळत नाही. कुठल्या सोंगाच्या वेळी पडदा बिघडतो ते बघितलं की दोषी सापडतो.

तुमचा बायोस स्वच्छ दिसतो, म्हणजे सर्व्हरकडून तुमच्याकडे येणारी वायर आणि वेग दोन्ही बरोबर. चित्रविचित्र अक्षरं येतात तो ग्रब. तुम्ही पाठवलेल्या फायलीत ग्रबला सिरियल टर्मिनल वापर एवढंच सांगितलंय, वेग सांगितलेला नाही. न सांगितल्यास ग्रब ९६०० धरतो. तुमचा लॅपटॉप ११५२०० वर ऐकतोय. एकजण संथ बोलतोय, दुसरा बारापट घाईने ऐकतोय, मग अक्षरांचा काला होणारच.

त्यानंतरचा काळोख कर्नलचा. तुमची कर्नलची ओळ मी तीनदा वाचली तेव्हा दिसलं: टीटीवायएस० (लिनक्समधलं पहिल्या सिरियल पोर्टचं नाव) मधला एस तुम्ही छोटा लिहिलाय. तो मोठाच हवा. सुरुवातीची तीन अक्षरं छोटी, एस मोठा, मग शून्य. छोट्या एसचं कन्सोल कर्नलला माहीत नाही, पण तो तक्रारही करत नाही. गुपचूप दुर्लक्ष करून मॉनिटरवरच बोलत राहतो. गेटीही मग तिथे उगवत नाही, कारण सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या कन्सोलकडे बघूनच सिरियलवर गेटी सुरू करतं. एका अक्षराने दोन पायऱ्या एकदम गेल्या.

तिसरा बिघाड तुमच्या लॅपटॉपवर आहे. दिसतं पण टाइप केलेलं जात नाही, हे मिनिकॉमचं जुनं दुखणं. त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो. म्हणजे समोरच्याने सीटीएस तार उचलून 'पाठव' म्हटल्याशिवाय मिनिकॉम एकही अक्षर सोडत नाही. दुकानातून मिळालेल्या स्वस्त केबलमध्ये बहुधा तीनच तारा असतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. सीटीएस नाहीच, मग 'पाठव' म्हणणार कोण? मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए, मग ओ, तिथे सिरियल पोर्ट सेटअप, त्यात एफ दाबून हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा आणि डिफॉल्ट म्हणून जतन करा. सर्व्हरला हात लावण्याआधी हे करा आणि बायोसमध्ये डिलीटने शिरता येतं का बघा. शिरता आलं तर केबल दोन्ही बाजूंनी शाबूत. मी स्वतः मिनिकॉम सोडून पिकोकॉमकडे वळलो ते याच कारणासाठी. तो फ्लो कंट्रोल आपणहून लावत नाही. बाहेर पडायला कंट्रोल-ए, कंट्रोल-एक्स.

तरीही शिरता आलं नाही तर केबल तपासावी लागेल, आणि त्यासाठी नवीन केबल मागवून चार दिवस वाट बघायची गरज नाही. मल्टिमीटर घ्या. आरएस-२३२ हे १९६० सालचं प्रमाण, आणि त्यातला एक विचित्रपणा इथे कामी येतो: पाठवणारी तार रिकामी असताना शून्यावर नसते, उणे व्होल्टेजवर असते, उणे ३ ते उणे १५ च्या दरम्यान. सर्व्हरच्या मागच्या नऊ पिनांच्या पोर्टवर काळी सुई ५ नंबरला, लाल सुई ३ नंबरला लावा. उणे पाच ते उणे बारा असं काहीतरी दिसेल. २ नंबरला जवळपास शून्य. म्हणजे ३ ही सर्व्हरची बोलायची पिन, २ ऐकायची. यूएसबी-सिरियलचंही तसंच असतं. दोघेही ३ वर बोलणारे आणि २ वर ऐकणारे, म्हणून मधली केबल उलटसुलट, म्हणजे नल मोडेमची हवी. आता केबल सर्व्हरला लावून दुसऱ्या टोकाला मोजा: उणे व्होल्टेज २ नंबरवर आलं तर केबल नल मोडेमची, ३ वर आलं तर सरळ. दोन्ही तोंडं मादी आहेत म्हणजे नल मोडेमच, असं दुकानदार ठामपणे सांगतात. त्यांच्यावर नव्हे, मीटरवर विश्वास ठेवा.

यूएसबी-सिरियलवरच संशय असेल तर तिच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका टाचणीने जोडा आणि पिकोकॉममध्ये टाइप करा. लिहिलेलं परत उमटलं तर ती शाबूत.

सर्व्हरच्या बाजूने बघायला लिनक्समध्ये एक फाइल आहे, ती फार कमी जणांना माहीत असते: /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल. रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ती वाचा. प्रत्येक पोर्टपुढे किती अक्षरं गेली, किती आली, याचा आकडा असतो. लॅपटॉपवरून दहा अक्षरं टाइप केलीत आणि आलेल्यांचा आकडा हललाच नाही, तर तार तुटकी किंवा पोर्ट चुकीचं. आकडा वाढला पण सोबत 'एफई' म्हणून फ्रेमिंगच्या चुकाही वाढल्या, तर तार ठीक, वेग चुकलाय. या एका फाइलने माझे जेवढे तास वाचवलेत तेवढे कुठल्याही पुस्तकाने वाचवले नाहीत.

आता सर्व्हरची दुरुस्ती. बूटच्या फायलींना हात लावण्याआधी पोर्ट नक्की करा. एसएसएचने (नेटवर्कवरून) सर्व्हरच्या आत असताना एसटीटीवाय कमांडने टीटीवायएस० चा वेग ११५२०० करा आणि एको वापरून त्यात 'नमस्कार' असा एखादा शब्द रोमनमध्ये ढकला. लॅपटॉपवर उमटला तर पोर्ट तेच. नसेल तर टीटीवायएस१ करून बघा. मागचं दिसणारं पोर्ट बहुतेक मशीनवर पहिलं असतं, आणि दुसरं आतल्या आत मॅनेजमेंट चिपला (दुरून मशीन सांभाळणाऱ्या चिपला) जोडलेलं असतं. पण बायोसमध्ये ते अदलाबदल करता येतात आणि जुन्या मालकाने ते केलेलं असू शकतं. तुमचं मशीन सेकंडहँड आहे म्हणून सांगतोय.

मग /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडून या तीन ओळी:

ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स="कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८"
ग्रब_टर्मिनल="कन्सोल सिरियल"
ग्रब_सिरियल_कमांड="सिरियल --युनिट=० --स्पीड=११५२०० --वर्ड=८ --पॅरिटी=नो --स्टॉप=१"

पहिल्या ओळीच्या नावाला शेवटी 'डिफॉल्ट' नाही, हे मुद्दाम. डिफॉल्टवाल्या ओळीतलं काहीही रिकव्हरीच्या (बिघाडाच्या वेळी वापरायच्या) नोंदींना लागू होत नाही, आणि ज्या दिवशी रिकव्हरीत जायची वेळ येते त्याच दिवशी कन्सोल गायब असतो. डिफॉल्टच्या ओळीत 'क्वाएट' (बूटचे संदेश लपवणारा शब्द) असेल तर तो काढा. मशीन कुठे अडकलंय हे बघायलाच तर हा सगळा खटाटोप. मग अपडेट-ग्रब चालवा. डेबियन लिनक्सवर एवढं पुरे. रेडहॅटच्या घराण्यात ग्रब२-एमकेकॉन्फिग वापरावं लागतं.

दोन कन्सोलांचा क्रम महत्त्वाचा, आणि तो मी चुकवून शिकलोय. कर्नलचे संदेश यादीतल्या सगळ्या कन्सोलवर जातात, पण /डेव्ह/कन्सोल एकच असतं: यादीत शेवटी लिहिलेलं. बूट अडकल्यावर येणारा प्रश्न साधारणपणे तिथेच विचारला जातो. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत माडापोफळींसकट विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत लाईट आठवडेच्या आठवडे नव्हती. मंडणगडच्या बाजूला एका कार्यालयात माझा एक सर्व्हर होता; छपराचे पत्रे उडाले, मॉनिटरमध्ये पाणी गेलं, सर्व्हर कपाटात होता म्हणून वाचला. जनरेटर मिळाला तेव्हा मी लॅपटॉप आणि सिरियल केबल घेऊन गेलो, जरा ऐटीतच. कर्नलच्या ओळी धडाधड आल्या आणि मध्येच थांबल्या. एंटर मारतोय, काही नाही. पाऊण तास केबल, पिना, लॅपटॉप बदलून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला: माझ्याच हाताने वर्षभरापूर्वी क्रम उलटा लिहिला होता. सिरियल आधी, मॉनिटर शेवटी. एफएससीके आपला प्रश्न त्या पाणी प्यायलेल्या मॉनिटरला विचारत बसलं होतं.

सुटका ग्रबने केली. तो सिरियलवर होता म्हणून पुन्हा चालू करताना मेनूवर ई दाबून लिनक्सच्या ओळीत क्रम तेवढ्यापुरता बदलता आला. म्हणून कोणी म्हणालं की 'कर्नलचं कन्सोल लावलं, ग्रबचं कशाला?', तर ऐकू नका.

पुढचा सापळा डेबियन आणि उबंटूवाल्यांसाठी. इन्स्टॉल करताना रूटला पासवर्ड दिला नसेल तर रूटचं खातं कुलूपबंद असतं. रोजच्या कामात सुडो (रूटचे अधिकार तेवढ्यापुरते देणारी कमांड) असतं, अडत नाही. पण बूट अडकून इमर्जन्सी मोड आला की तो रूटचाच पासवर्ड मागणार. खातं बंद असेल तर तेवढं सांगून तो हात वर करतो. केबल छान, वेग छान, पडदा छान, आणि दार बाहेरून बंद. सुडो पासडब्ल्यूडी रूट चालवून एक लांबलचक पासवर्ड ठेवा, एसएसएचवरून रूटला बंदी राहू द्या, आणि तो पासवर्ड सीलबंद पाकिटात शाखेच्या तिजोरीत. पतसंस्थेला तिजोरी असते हा आपला फायदाच.

आणि प्रश्न येण्याचं प्रमाणच कमी करता येतं. कर्नलच्या ओळीत एफएससीके.रिपेअर=यस लिहिलं तर फाइलसिस्टिमची दुरुस्ती न विचारता होते. शाखेतल्या सर्व्हरवर मी ते लावतो. मुख्य कचेरीत, जिथे खरा डेटाबेस आहे, तिथे लावत नाही, तिथे कुठली फाइल जातेय ते मला डोळ्यांनी बघायचं असतं. दुसरं म्हणजे बॅकअपची यूएसबी डिस्क. ती एफएसटॅबमध्ये (जोडायच्या डिस्कांच्या यादीत) 'नोफेल' (नसली तरी चालेल) शिवाय लिहिलेली असेल आणि कोणी घरी नेली असेल, तर सर्व्हर तिची दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सीत जातो. तुमचं अर्धं दुखणं एफएससीके नसून हेच असण्याची मला दाट शंका आहे. एफएसटॅब एकदा बघाच.

बायोसमध्ये कन्सोल रिडायरेक्शन चालू, वेग ११५२००, आणि 'पोस्टनंतरही (सुरुवातीच्या तपासणीनंतरही) चालू ठेव' असा जो पर्याय असतो तो बंद. चालू राहिला तर बायोस आणि ग्रब दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि प्रत्येक अक्षर दोनदा उमटतं. बाकी वेग ११५२०० च का, तर जुन्या पीसीच्या सिरियल चिपला जे १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ असायचं त्याला १६ ने भागलं की एवढेच येतात. दहा बिटांचं एक अक्षर धरलं तर सेकंदाला ११५२० अक्षरं. ९६०० वर ९६० च, म्हणजे २००० अक्षरांचा एक पडदा भरायलाच दोन सेकंद. नुसता संथ दिसतो एवढाच तोटा नाही: फायरवॉलच्या नोंदी कन्सोलवर ओतल्या जात असतील तर कर्नल त्या तारेसाठी खोळंबतो आणि अख्खं मशीन जड होतं. त्या नोंदी कन्सोलवर येऊच देऊ नका.

लॉगिन आलं की एक किरकोळ त्रास होईल. सिरियल तारेला खिडकीचा आकार माहीत नसतो, म्हणून एडिटरमध्ये ओळी एकमेकींवर चढतात. एसटीटीवाय वापरून रो आणि कॉलम स्वतः सांगा.

आता खेडहून हे कसं गाठायचं. दोन वाटा आहेत.

मॅनेजमेंट चिप, म्हणजे बीएमसी, असेल तर सिरियल-ओव्हर-लॅन. सर्व्हर बंद असतानाही ती चिप जागी असते, आणि तीच वीज बंद-चालूही करू शकते, हा मोठा फायदा. आयपीएमआयटूलने लॅनप्लस इंटरफेस, पत्ता, वापरकर्ता देऊन 'सोल ॲक्टिव्हेट' म्हणायचं. बाहेर पडायला टिल्ड आणि टिंब, आणि एसएसएचमधून गेला असाल तर टिल्ड दोनदा, नाहीतर एसएसएचच तुटतं. इथे पोर्ट बहुधा टीटीवायएस१ असतं, त्यामुळे ग्रबमध्ये युनिट १ आणि कर्नलमध्ये टीटीवायएस१ लिहावं लागेल. ही चिप इंटरनेटवर उघडी ठेवू नका, कितीही मोठा पासवर्ड असला तरी. आयपीएमआय २.० मध्ये (या चिपशी बोलायच्या पद्धतीत) लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) विचारणाऱ्याला मिळतो, आणि तो घरी बसून फोडता येतो. व्हीपीएनच्या (खासगी नेटवर्कच्या) आतच. पैशांचा व्यवहार आहे.

दुसरी वाट मला जास्त आवडते: रॅकमध्ये एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक), त्याला यूएसबी-सिरियल, आणि पायमध्ये तुम्ही एसएसएचने शिरायचं. तो पिकोकॉम टीमक्समध्ये (आपण बाहेर पडलो तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) चालवून लॉग करत ठेवतो, त्यामुळे रात्री तीनला कर्नल पॅनिक होऊन मशीन मेलं तरी त्याचे शेवटचे शब्द सकाळी वाचायला मिळतात. बीएमसीच्या वाटेने हे आयतं मिळत नाही. पायच्या पट्टीवरच्या सिरियल पिना मात्र सर्व्हरला थेट लावू नका. त्या ३.३ व्होल्टच्या, आणि समोरून येणारं उणे बारापर्यंत, पाय जळेल. पोर्टचं नावही टीटीवाययूएसबी० असं लिहून ठेवू नका. दोन केबल असल्या तर रिबूटनंतर शून्याची एक होते. /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी मधलं लांब नाव वापरा. डेबियनवर वापरकर्त्याला डायलआउट ग्रुपमध्ये घातलं की सुडो लागत नाही.

पायवर त्या पोर्टला गेटी चालू नाही ना, हे बघा. माझ्या एका ठिकाणी दोन्ही टोकांना गेटी होते. एकाने 'लॉगिन:' म्हटलं, दुसऱ्याने तेच नाव समजून पासवर्ड विचारला, पहिल्याने तो पासवर्ड समजून नाकारला, आणि दोघे रात्रभर एकमेकांशी भांडत बसले. सकाळी लॉगची फाइल फुगलेली आणि ग्रबची उलटी गणती त्या बडबडीने मेनूवरच अडकलेली, कारण ग्रबला कुठलंही अक्षर म्हणजे कोणीतरी बटण दाबलं असंच वाटतं. लोंबती केबल सर्व्हरला लावून दुसरं टोक मोकळं सोडलं तरी कधीकधी हेच होतं. ती तार अँटेनासारखी खरखर उचलते.

नेटबद्दल एवढंच की पायला ब्रॉडबँडशिवाय दुसरी वाट, म्हणजे ४जी डोंगल, जोडून ठेवा. निसर्गच्या वेळी मोबाइलचे टॉवरही गेले होते, तेव्हा त्याचीही खात्री नाही. पण रोजच्या पावसाळ्यात ब्रॉडबँड आधी जातं.

यूपीएसच्या मागेही असंच नऊ पिनांचं पोर्ट असतं. काही यूपीएसमध्ये त्या पिनांची जोडणी वेगळी असते आणि साधी सिरियल केबल खोचताच यूपीएस बंद होतो, म्हणजे त्यावरचं सगळंच. शाखेतल्या कोणालाही फोनवर 'ती निळी केबल मागे लाव' असं सांगू नका. यूपीएसच्या पोर्टवर चिकटपट्टी लावून टाका.

किनाऱ्यावरच्यांसाठी अर्थिंगचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिरियल केबलची ५ नंबरची तार दोन मशीनांची ग्राउंड एकमेकांना जोडते. दोन्ही मशीन एकाच बोर्डावर असतील तर काही बिघडत नाही. पण सर्व्हर आतल्या खोलीत आणि लॅपटॉप बाहेर काउंटरवर, वेगळ्या अर्थिंगवर असेल, तर दोन अर्थमधला फरक त्या बारीक तारेतून वाहतो. आपल्या जांभ्याच्या जमिनीत हा फरक मोठा असतो. एप्रिल-मेमध्ये ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असूनही पाणी ओतलं नाही तर अर्थ नावापुरताच उरतो. त्यातच वळवाचा पाऊस येतो, विजा घेऊन. माझी जेवढी सिरियल पोर्टं जळली ती सगळी मे-जूनच्या सांध्यावर किंवा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, भर जुलैत एकही नाही. पाय आणि सर्व्हर एकाच यूपीएसवर ठेवा, केबल मीटर-दीड मीटरची, आणि लांब न्यावीच लागली तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर.

हर्णैचं खारं वारं पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर आणतं. आगोटीच्या आधी, लोक कौलं चाळतात त्या सुमारास, कनेक्टर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि दोन्ही स्क्रू घट्ट पिळा. स्क्रू न पिळता नुसतं खोचलेलं कनेक्टर सगळीकडे दिसतं. सैल पिन नुसती बंद पडत नाही, ती मध्येच ब्रेक नावाचा इशारा पाठवते, आणि ते पुढच्या गोष्टीसाठी धोक्याचं आहे.

ती गोष्ट म्हणजे सिसआरक्यू. मशीन इतकं गोठलंय की लॉगिनही येत नाही, पण कर्नल जिवंत आहे, अशा वेळी तारेवरून ब्रेक पाठवून पाच सेकंदांच्या आत एक अक्षर दाबलं की कर्नल थेट ऐकतो: एस म्हणजे डिस्कवर लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त वाचनापुरत्या कर, बी म्हणजे रिबूट. प्रत्येक अक्षराआधी नवा ब्रेक. पिकोकॉममध्ये ब्रेक कंट्रोल-ए, कंट्रोल-बॅकस्लॅशने जातो. कर्नल.सिसआरक्यू=१ आधी करून ठेवावं लागतं. सैल कनेक्टर असलेल्या ठिकाणी मी ते करत नाही.

हे सगळं करायला एकदा तरी हर्णैला जावं लागेलच. पुढच्या उघडिपीत जा. काम झालं की मॉनिटर आणि की-बोर्ड काढून ठेवा, खेडला या, आणि घरून रिबूट मारा. ग्रबचा मेनू दिसला की ई दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी सिस्टिमडी.युनिट=इमर्जन्सी.टार्गेट असं लिहा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. मुद्दाम घडवलेली इमर्जन्सी. रूटच्या पासवर्डचा प्रश्न तुमच्या पडद्यावर यायला हवा. पासवर्ड द्या, आत शिरा, कंट्रोल-डी दाबा, मशीन नेहमीसारखं वर यायला हवं. आलं तर तो मॉनिटर शाखेतल्या काउंटरवर देऊन टाका, तिथे तो कामाला येईल. नाही आलं तर पिकोकॉमच्या लॉगमधल्या शेवटच्या वीस ओळी आणि /प्रॉकमधली ती सिरियलची फाइल मला पाठवा.